पांढऱ्या रंगावर धरलेला खडू

ऑस्ट्रेलियाच्या उन्हात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या पांढऱ्या पिकअपच्या बॉनेटवरून बोट फिरवले, की बोटाला पांढरी भुकटी लागते. गाडी नुकतीच धुतलेली असली तरी लागते. मालकाला वाटते, धूळ बसली आहे. तो पुन्हा धुतो; ओली असताना गाडी चकचकीत दिसते आणि वाळली की पुन्हा निस्तेज. रंगाच्या धंद्यात याला चॉकिंग म्हणतात, म्हणजे रंगाने खडू धरणे. ही भुकटी बाहेरून आलेली नसते. तो गाडीचाच रंग असतो, सुटा झालेला.

रंगाने खडू का धरला, हे कळले की त्याखालचा चांगला रंग किती वाचवता येईल हेही ठरवता येते. पॉलिश ही वरून चढवायची गोष्ट आहे, असा समज आपल्याकडेही आहे आणि तिकडेही. खरे तर कापणारे पॉलिश रंगात काहीच घालत नाही. ते रंग काढते. चंदनाचे खोड सहाणेवर उगाळले की गंध मिळते, पण खोड तेवढे झिजते. इथेही प्रत्येक चमक रंगाची थोडी जाडी खर्च करून मिळते. म्हणून जुनी गाडी उजळवण्याचे खरे कौशल्य किती घासायचे यापेक्षा कुठे थांबायचे, यात आहे.

यूट आणि तिचा पांढरा रंग

अशा पिकअप गाडीला ऑस्ट्रेलियात यूट म्हणतात. तिच्या जन्माची हकिकत तिथे आवडीने सांगितली जाते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलंड भागातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले: रविवारी चर्चला नीटनेटके जाता येईल आणि सोमवारी डुकरे घालून बाजार गाठता येईल, अशी एकच गाडी आम्हाला द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुईस बँट या तरुण आरेखकाने बंद केबिन आणि मागचा माल ठेवायचा हौदा एकाच सलग अंगात बसवला आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. होल्डन कंपनीने १९५१ मध्ये आपली यूट काढली. २०१६-१७ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे ऑस्ट्रेलियातले उत्पादन थांबले, पण यूटचे वेड ओसरले नाही. बाहेरून येणारी टोयोटा हायलक्स २०१६ पासून २०२२ पर्यंत सलग देशात सर्वाधिक खपणारी गाडी होती. २०२३ मध्ये ती जागा फोर्ड रेंजर या दुसऱ्या यूटने घेतली. न्यू साउथ वेल्समधल्या डेनिलिक्विन गावी १९९९ पासून यूटवाल्यांचा मोठा मेळावा भरतो.

सुतार, प्लंबर, वायरमन, शेतकरी, खाणकामगार अशा सगळ्यांच्या दारात यूट असते, आणि फार वेळा ती पांढरीच असते. त्याला व्यवहारी कारणे आहेत. पांढरा रंग उन्हात कमी तापतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एकाच प्रकारच्या दोन मोटारी, एक काळी आणि एक फिकट रुपेरी, उन्हात उभ्या करून मोजमाप केले. काळ्या मोटारीचे छत २५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापले आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी गरम झाली. दुसरे कारण सुरक्षिततेचे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या अपघात संशोधन केंद्राने २००७ मध्ये व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. दिवसाउजेडी काळ्या गाड्यांना अपघाताचा धोका पांढऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यातून दिसले. शिवाय पांढऱ्या गाडीवर कंपनीचे नाव रंगवणे सोपे असते, ठेच लागली तर दुरुस्ती स्वस्तात होते आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळते.

पांढरेपणा येतो कुठून

गाडीचा पांढरा रंग म्हणजे मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज द्रव्य. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले आणि शिशापासून बनणारा विषारी सफेदा त्याने हळूहळू मागे टाकला. प्रकाश वळवण्याची त्याची ताकद विलक्षण आहे. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, हिऱ्याचा २.४, तर रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. दोन-तीनशे नॅनोमीटरचे त्याचे कण रंगाला बांधून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये विखुरले, की आत शिरलेला प्रकाश कणाकणावर आदळून सगळ्या दिशांनी परत फिरतो. सगळे रंग सारखेच परतल्यामुळे डोळ्याला पांढरे दिसते.

हे द्रव्य किनाऱ्यावरच्या जड, काळपट वाळूत सापडणाऱ्या इल्मेनाइट आणि रुटाइल या खनिजांपासून मिळते. ऑस्ट्रेलिया या खनिजांच्या बाबतीत जगातल्या संपन्न देशांपैकी आहे. बायरन बे परिसरातल्या किनाऱ्यांवर एकेकाळी त्यांच्यासाठी वाळू उपसली जाई आणि क्वीन्सलँडमधल्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावरचा उपसा २०१९ मध्ये थांबला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी आणि मिऱ्याच्या बाजूला, वाळूत जे काळे पट्टे दिसतात त्यातही इल्मेनाइट आहे. इतक्या काळ्या वाळूतून इतका शुभ्र रंग निघतो, हे रसायनशास्त्राचे मोठे देखणे काम आहे.

तारणारा कण, तोच मारणारा

टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाश परतवतो, पण अतिनील किरण मात्र शोषून घेतो. त्यामुळे खालच्या रंगाला संरक्षण मिळते. याच गुणामुळे तो सनस्क्रीनमध्येही घालतात. पण शोषलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. कणाच्या पृष्ठभागावर ती हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी क्रिया घडवून अत्यंत चपळ असे रासायनिक घटक तयार करते. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात पाण्याचे विघटन करू शकतो हे दाखवले आणि प्रकाशाच्या जोरावर चालणाऱ्या या क्रियांचे शास्त्र उभे राहिले. गाडीच्या रंगात या क्रियेचे भक्ष्य ठरते ते कणांना धरून ठेवणारे रेझिन. वरच्या पातळ थरातले रेझिन झडते, पांढरे कण सुटे होतात आणि बोटाला लागतात.

रंग बनवणाऱ्यांनी यावर उपाय शोधला. अधिक खोडकर अनाटेज जातीऐवजी ते रुटाइल जातीचे कण वापरतात आणि प्रत्येक कणावर सिलिका, अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियाचे पातळ कवच चढवतात. त्यामुळे आजचा पांढरा रंग पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकतो. तरीही ऑस्ट्रेलियाचा सूर्य कडक परीक्षा घेतो. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा जानेवारीत येतो आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तीही जानेवारीच्या सुरुवातीला. जुलैच्या तुलनेत त्या वेळी पृथ्वीवर सुमारे सात टक्के अधिक सौर ऊर्जा पडते. स्वच्छ हवा त्यात भर घालते. याच उन्हामुळे माणसांसाठी तिथे १९८१ पासून अंग झाकण्याची, सनस्क्रीन लावण्याची आणि टोपी घालण्याची मोहीम चालली आहे. गाडीला मात्र कोणी टोपी घालत नाही.

या कणाचा दुटप्पी स्वभाव किती टोकाचा असू शकतो, हे ऑस्ट्रेलियातच एका वेगळ्या कामात उघड झाले. नव्या घरांच्या रंगीत पत्र्यांच्या छतांवर काही काळाने हाताचे आणि बोटांचे ठसे उमटू लागले. तेवढ्या जागेपुरताच रंग विटलेला. ब्लूस्कोप स्टील कंपनीतल्या बार्कर आणि ब्रँच या संशोधकांनी २००८ मध्ये त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. छत बसवणाऱ्या कामगारांच्या हाताला लागलेल्या सनस्क्रीनमधले टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पत्र्याच्या रंगाचा ऱ्हास वाढवत होते, काही सनस्क्रीनच्या बाबतीत शंभर पटींपर्यंत. म्हणून यूटच्या दारावर किंवा बॉनेटवर सनस्क्रीनचा हात टेकला, तर तो डाग त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवावा. सनस्क्रीन लावणे मात्र सोडू नये; रंगापेक्षा कातडी मोलाची आहे.

आधी ओळख, मग हात

पॉलिशची बाटली उघडण्याआधी गाडीवर कोणता रंग आहे ते पाहायला हवे. पांढऱ्या गाड्यांवर दोन प्रकार आढळतात. कामासाठी घेतलेल्या साध्या पांढऱ्या यूटवर बऱ्याचदा एकथरी रंग असतो: पांढरा रंग हाच सगळ्यांत वरचा थर. दुसऱ्या प्रकारात पांढऱ्या थरावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. खडू धरतो तो एकथरी रंग, आणि म्हणून पॉलिशने उजळण्याची खरी आशाही त्याच्याच बाबतीत असते. वरचा मेलेला थर काढला की खाली तोच रंग, शाबूत.

ओळखायची रीत सोपी आहे. दारामागे किंवा कुठेतरी आडबाजूला ओल्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. गडद रंगाचे फडके घेतले तर फरक स्पष्ट दिसतो. रंग फडक्यावर उतरला तर एकथरी. फडक्यावर फक्त पॉलिश आणि मळ दिसला तर वर क्लिअर कोट आहे.

क्लिअर कोट फाटला की पॉलिशचा काही उपयोग नाही. छतावर किंवा बॉनेटवर कडा पिवळट झालेले चट्टे आणि सुटणारे पापुद्रे दिसले, तर तिथे उजळवण्यासारखे काही उरलेले नसते. तो भाग घासून नव्याने रंगवणे एवढाच मार्ग. काही गाड्यांत तर पांढरा रंग तुकड्या-तुकड्यांनी सोलून निघतो. उत्तर अमेरिकेत टोयोटाने आपल्या काही मॉडेलांच्या ठरावीक पांढऱ्या छटांबाबत हे मान्य केले आणि ग्राहकांसाठी दुरुस्तीची योजना काढली. उन्हामुळे आतल्या थरांची एकमेकांवरची पकड ढिली होते, हे त्याचे कारण होते. अशा गाडीवर पॉलिशचे यंत्र चालवले, तर सोलणे आणखी वाढते.

रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. पत्र्यावर टेकवले की ते आकडा मायक्रॉनमध्ये दाखवते. कारखान्यात रंगवलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांइतके. त्यात गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट सगळे आले. एकट्या क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५० मायक्रॉन येतात. मोठा आकडा आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, आणि फारच मोठा आला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. जुन्या यूटच्या छतावर आणि बॉनेटवर आकडा उतरलेला असतो. कुठे थांबायचे, हे ठरवायला हाच आकडा उपयोगी पडतो.

धुण्यापासून चमकेपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातून आलेल्या यूटवर लाल धूळ असते. त्या मातीला लोहाच्या ऑक्साइडचा रंग आहे आणि तिच्यात गारगोटीचे कण आहेत. दोन्ही गाडीच्या रंगापेक्षा कठीण. कोरड्या फडक्याने ती पुसली तर प्रत्येक पुसण्यात शेकडो बारीक चरे पडतात. म्हणून आधी भरपूर पाणी मारून धूळ भिजवून वाहू द्यावी, दारांच्या सांध्यांतून, चाकांवरच्या कमानींतून आणि हौद्याच्या कोपऱ्यांतून काढावी आणि मगच गाडीला हात लावावा. धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळखळून धुण्यासाठी.

धुतल्यावर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसतात. ब्रेकमधून आणि रेल्वेच्या रुळांजवळून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून गंजल्याची ती खूण असते. त्यासाठी थायोग्लायकोलेटचा फवारा मिळतो. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळतो. पांढऱ्या गाडीवर हे इतके स्पष्ट दिसते की कुठे किती लोखंड होते ते डोळ्यांनी मोजता येते. वास उग्र असतो आणि द्रव पत्र्यावर वाळू देता कामा नये. त्यानंतर क्ले बार, म्हणजे मऊ लांबट मातीसारखी वडी, साबणाच्या पाण्यावरून हलकेच सरकवायची. झाडाचा डिंक, रंगाचे तुषार आणि रुतलेली कचकच ती उचलते. काम पुरे झाले की नाही, हे प्लास्टिकची पातळ पिशवी बोटांवर चढवून पत्र्यावर फिरवले की कळते. उघड्या बोटाला न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून जाणवतो. जमिनीवर पडलेली वडी मात्र पुन्हा वापरू नये.

आता यंत्राची पाळी. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या तीक्ष्ण कडा चिकटपट्टीने झाकाव्यात: प्लास्टिकवर वाळलेले पांढरे पॉलिश सहज निघत नाही आणि कडेवर रंग सर्वांत पातळ असतो. गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचे पॅड फिरता-फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. फक्त गोल फिरणारे रोटरी यंत्र वेगाने कापते, पण अननुभवी हातात ते काही क्षणांत रंग जाळते.

सुरुवात करावी ती सगळ्यांत सौम्य पॉलिशने आणि मऊ फोम पॅडने, तीही फूट-दीड फूट चौरस जागेवर. उभे-आडवे चार-सहा हात फिरवून पुसावे आणि पाहावे. तेवढ्यात काम भागले तर पुढे जाऊ नये. भागले नाही तर कंपाउंड घ्यावे, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजमधले रबिंग. त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. ते वरचा मेलेला थर कापतात. रबिंगनंतर सौम्य पॉलिशने फिनिशिंग करावेच लागते, कारण रबिंगने स्वतःचे बारीक चरे सोडलेले असतात. ऑस्ट्रेलियात या दोन टप्प्यांच्या कामाला कट अँड पॉलिश म्हणतात. खडू धरलेल्या रंगावर पॅड फार लवकर भुकटीने भरते. दर एक-दोन जागांनंतर ते ब्रशने साफ केले नाही तर तीच भुकटी रंगावर घासली जाते.

पांढरा रंग चरे लपवतो, म्हणून समोरून पाहून फसायला होते. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा विजेरी बाजूने धरून पाहावे. पॉलिशमधली तेलेही काही चरे तात्पुरते भरून काढतात. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर जे दिसते तेच खरे. प्रत्येक भाग आरशासारखा करण्याचा हट्ट धरू नये. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो कापून पातळ केला की संरक्षणही तेवढे घटते. खोल ओरखडा नुसता बोथट करून सोडून देणे हा कित्येकदा शहाणपणाचा निर्णय असतो.

चमक आली, आता राखण

उघडा पडलेला ताजा रंग तसाच उन्हात सोडला तर सगळी मेहनत वाया जाते. त्यावर मेण, कृत्रिम सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग हवे. ब्राझीलमधल्या ताडवर्गी झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण झकास चमक देते, पण कडक उन्हात काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकते. सीलंट त्याहून जास्त टिकतो. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक कोटिंग नीट लावले तर वर्षे टिकते. मात्र ते चरे झाकत नाही, आहेत तसे बंदिस्त करते, म्हणून आधीचे काम चोख हवे.

किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा, शेतावर बोअरच्या पाण्याचे चुनखडी डाग आणि गावोगाव निलगिरीचा डिंक, लोरिकीट पोपटांची आणि वटवाघळांची विष्ठा असते. विष्ठा उन्हात वाळली की खालचा रंग तापून फुगतो, गार होताना आकसतो आणि डागाचा ठसा कायमचा उमटतो. ओले फडके काही मिनिटे ठेवून ती मऊ करावी आणि उचलावी, खरवडू नये. गाडीच्या तळाला अनेक यूटवाले लॅनोलिन मारतात. मेंढ्यांच्या लोकरीतून निघणारा हा स्निग्ध पदार्थ मीठ आणि ओल पत्र्यापासून दूर ठेवतो, आणि लोकरीच्या या देशात तो सहज मिळतो.

पाण्याचेही भान हवे. १९९७ ते २००९ या दीर्घ दुष्काळात ऑस्ट्रेलियाच्या अनेक शहरांत घरी नळीने गाडी धुण्यावर बंधने आली होती. आजही रस्त्यावर धुतलेल्या गाडीचे साबणाचे पाणी पावसाच्या गटारांतून थेट ओढ्यांत आणि समुद्रात जाते. म्हणून गाडी हिरवळीवर उभी करून धुवावी. जमीन ते पाणी गाळून घेते.

आपल्या पिकअपसाठी

हे सगळे आपल्याही कामाचे आहे. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे गावोगावचा छोटा हत्ती, बोलेरो पिकअप आणि पर्यटनाच्या मोटारी यांतल्या कितीतरी गाड्या पांढऱ्या आहेत. विदर्भातला उन्हाळा, कोकणातला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस हे त्यांच्या रंगाचे शत्रू. गाडी विकण्याआधी रबिंग मारून चकचकीत करून देणारे ठिकठिकाणी भेटतात. विकत घेणाऱ्याने ती चमक पाहताना एक प्रश्न विचारावा: हिच्यावर रंग किती उरला आहे? जाडी मोजायचे यंत्र कुठल्याही चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे असायला हवे, आणि मालकाने ते लावून घेतल्याशिवाय रबिंगला हो म्हणू नये.

जी गाडी एखाद्या कुटुंबाचे पोट भरते, तिचा रंग ही निव्वळ हौस नसते. रंगाखालचा पत्रा गंजला की गाडीचे आयुष्य आणि किंमत दोन्ही उतरतात. दर पंधरवड्याला सावलीत धुणे, मेण किंवा सीलंट उतरायच्या आत नव्याने लावणे, शक्य असेल तेव्हा झाडाऐवजी शेड किंवा आच्छादन शोधणे आणि रबिंग मात्र गाडीच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा: एवढी शिस्त पाळली तर कारखान्यात चढलेला पहिला रंगच गाडीला शेवटपर्यंत पुरण्याची चांगली शक्यता असते.